रामटेके सर आणि कॅमेऱ्याचा पंखा

चंद्रपुरात मे महिन्यात रात्री लाइट गेली की आधी कूलर थांबतो, मग छताचा पंखा. तो कुरकुरत हळू होतो आणि मग एकदम सगळं शांत होतं. बायको कपाळाला हात लावते, मुलगा मोबाईलचा टॉर्च लावतो. मी मात्र पलंगावर तसाच पडून कान देऊन राहतो. बाहेर कुत्रं कोणत्या बाजूला भुंकतंय, मागच्या अंगणात कोणी चालतंय का. ही खोड मला रामटेके सरांनी लावली. तिच्यामुळे माझं भलं झालं की वाटोळं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

आरमोरी तालुक्यातल्या एका खेड्यातल्या शाळेत मी मराठी शिकवत होतो आणि ते विज्ञान. इतका भित्रा माणूस मी जन्मात दुसरा पाहिला नाही. ही त्यांची टिंगल नाही, ते स्वतःच ज्याला त्याला सांगत. नवीन हेडमास्तर रुजू झाले तेव्हा सगळे आपापल्या पदव्या सांगत होते. सरांनी हात जोडले आणि म्हणाले, "जयभीम. मी रामटेके. विज्ञान शिकवतो. मले भल्लं भेव लागते, तेवढं सांभाळून घ्या." हेडमास्तरांना वाटलं, गंमत आहे. आठवडाभरात त्यांना कळलं की नाही.

स्टाफरूममध्ये सरांची खुर्ची भिंतीला पाठ लावून आणि दाराकडे तोंड करून असे. ती कोणी हलवली तर ते उभेच राहत. शाळेच्या मागे मुतारीकडे जाताना मोठ्यानं खोकत जात. आणि गळ्याला मफलर, बारा महिने. अंगाची लाही होत असताना जाड लोकरीचा मफलर गुंडाळून बसलेला माणूस पाहून आपल्यालाच घाम फुटावा. मी एकदा न राहवून विचारलं, तर मानेवर हात ठेवून म्हणाले, "वाघ इथी धरते."

यावर हसावं तर हसता येत नसे. शाळेच्या कुंपणामागेच जंगल लागत होतं. शेजारच्या गावातली माणसं वाघानं नेली होती, सरपणाला गेलेली बाई, गुरांमागे गेलेला म्हातारा. जंगलखात्याची गाडी भोंगा लावून फिरे, एकटे जाऊ नका, अंधार पडायच्या आत घरी या. तरी भीतीचं असं आहे की तिची आपल्याला सवय होते आणि आपण पुन्हा सायकलवर गाणी म्हणत जायला लागतो. रामटेके सरांना ती सवय कधी झाली नाही. शिकवता शिकवता ते मध्येच बोट वर करत, "चूप!" सगळा वर्ग श्वास धरून बसे. खडू हवेत. मग ते म्हणत, "चला. खार होती." आणि प्रकाशाचं परावर्तन पुढे सुरू. पोरांपैकी कोणी फिदीफिदी हसल्याचं मला आठवत नाही.

असा माणूस रात्री जंगलाच्या कडेला जाऊन आकाशाचे फोटो काढतो, हे मला आधी खरंच वाटेना. गावात ग्रामपंचायतीनं चौकात उंच खांबावर दिवे लावले, तेव्हापासून घराच्या गच्चीवरून तारे दिसेनासे झाले होते. म्हणून ते गावाबाहेर भावाच्या शेतात दुर्बीण नेत. कॅमेरा साधा, लग्नात फोटोग्राफर वापरतात तसला, दुर्बिणीच्या मागे बसवलेला. एकटेच जात. बायकोला, सुनंदाबाईंना, कधी नेत नसत.

"सर, मग तिथं भीती नाही वाटत?"

"वाटते ना. हातपाय थंडे पडते. पण वर पाह्यलं की बरं वाटते, बाप्पा. वरतं कितीबी मोठं असलं तरी आपल्याले खायले येत नाई."

त्यांना एकच फोटो मनासारखा हवा होता. धनु राशीत एक तेजोमेघ आहे. दुर्बिणीतून डोळ्यांना तो धुक्याचा पुसट डाग दिसतो, पण कॅमेरा बराच वेळ उघडा ठेवला की त्याचा गुलाबी रंग येतो. तो रंग त्यांना पाहायचा होता. अडचण अशी की धनु रास रात्री वर चढते ती आमच्याकडच्या ऐन उन्हाळ्यात. पावसाळ्यात ढग. मी म्हटलं, "हिवाळ्यात काढा की." तर म्हणाले, "हिवाळ्यात तो सूर्याच्या आंगाले जाऊन बसते. मंग काढा दिवसा!"

आणि आमच्या उन्हाळ्यात कॅमेरा तापतो. एकदा त्यांनी मला स्टाफरूममध्ये लॅपटॉपवर एक फोटो दाखवला. काळ्यावर लाल, निळे, हिरवे ठिपकेच ठिपके. मी म्हटलं, "वा! किती तारे!" सर खूश झाले. मग म्हणाले, "हा टोपण लावून काढलेला फोटो हाये. यात एकबी तारा नाई." आतली फोटो घेणारी चकती तापली की नसलेलं दाखवते, तिला भास होतात, हे त्यांनी मला त्या दिवशी समजावलं. त्यावर उपाय म्हणजे थंड कॅमेरा. तो फक्त आकाशासाठीच बनवलेला असतो. आत विजेवर गार होणारी पट्टी असते, ती चकतीला बाहेरच्या हवेपेक्षा पुष्कळ खाली नेते. चकतीतली उष्णता मागे एक छोटा पंखा बाहेर फेकतो.

त्या पंख्यावर येऊन सगळं अडलं.

पुण्या-नागपूरकडच्या आकाशवेड्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप होता, त्यात सर होते. कोणता कॅमेरा घ्यावा यावर तिथं रोज खल चाले. चकती मोठी हवी की लहान, एकदम रंगीत घ्यावा की काळा-पांढरा घेऊन वेगवेगळ्या रंगांच्या काचांतून तीनदा फोटो काढावा. सरांचा काळा-पांढऱ्यावर एका वाक्यात निकाल, "तीनदा म्हणजे तिप्पट वेळ जंगलात. नको." मग दोन रंगीत कॅमेरे उरले. मोठा पुष्कळ थंड होई, पण त्याचा पंखा जोरात. लहान जरा कमी थंड होई, पंखा हळू. सरांनी ग्रुपवर विचारलं, "पंखा चालू असताना दूरचं चितळ ऐकू येते का?"

त्यावर हसऱ्या चेहऱ्यांची नुसती रांग लागली. एका भल्या माणसानं समजुतीनं लिहिलं की कॅमेरा आपोआप काम करतो, जवळ बसायची गरज नसते, घरात जाऊन झोपावं. सरांनी ते मला वाचून दाखवलं आणि मोबाईल उलटा ठेवला. "घर कुठी हाये तिथी?" म्हणाले.

मग त्यांनी मला त्यांच्या मोठ्या बहिणीचं सांगितलं. तोवर मी ते गावात कुणाकडूनही ऐकलं नव्हतं, कारण गावात त्याबद्दल कोणी बोलत नसे. सर तेव्हा कॉलेजात होते. मोहफुलं वेचायला पहाटे सगळं घर गेलेलं. बहीण थोडी बाजूच्या झाडाखाली. पलीकडच्या शेतात कुणाचं तरी पाण्याचं इंजिन चालू होतं.

"जंगल सांगते, सर. वाघ निघाला की चितळ ओरडते, वांदर ओरडते. त्या दिवशीबी ओरडले असतीन. लोकायनं नंतर सांगतलं, वरच्या पाड्यात आयकू आलं होतं. आमी तिथीच होतो आन् आमाले नाई आलं. इंजिन धकधक करून राह्यलं होतं." ते थांबले. "इंजिनवाल्याची काई चूक नाई. धानाले पाणी तं द्याच लागते."

त्यानंतर ग्रुपवरचे हसरे चेहरे आठवले की मला त्या लोकांचा उगाच राग येई.

चंद्रपूरला वीज केंद्रातल्या एका इंजिनियरकडे दोन्ही कॅमेरे होते. एक स्वतःचा, एक मित्राचा आणून ठेवलेला. सरांनी फोन करून वेळ घेतली आणि एका रविवारी आम्ही तिघं गेलो. सर, मी आणि सुनंदाबाई. सुनंदाबाई जंगलाकाठच्या गावात वाढलेल्या, चितळाचा आवाज हुबेहूब काढत. माझ्या वाट्याला वानर आलं होतं. मोटारीत मी दोनदा सराव केला, तर ड्रायव्हरनं गाडी बाजूला घेऊन मला पाणी दिलं.

इंजिनियर बिचारा सज्जन. सरबत झालं. मग सर म्हणाले, "कूलर बंद करा. पंखेबी." त्याच्या बायकोनं त्याच्याकडे पाहिलं. दुपारची वेळ, चंद्रपूर, एप्रिल. पण कूलर बंद झाला. सर हॉलमध्ये खुर्चीवर डोळे मिटून बसले, मफलरसकट. टेबलावर मोठा कॅमेरा चालू केला. ऐकू आलं की हात वर करायचा, असं ठरलं. मी मागच्या खोलीत जाऊन दार लोटून घेतलं आणि ओरडलो, "खॉक! खॉक!" लाज बाजूला ठेवून ओरडलो. शेजारचे गृहस्थ बनियनवर धावत आले, कोणाला ठसका लागला म्हणून. इंजिनियरनं त्यांनाही बसवून घेतलं.

मोठ्या कॅमेऱ्याजवळ सरांचा हात वर झाला. लहान कॅमेऱ्याजवळही झाला. मला वाटलं, चला, सुटलो.

मग सुनंदाबाई स्वयंपाकघरात गेल्या. त्यांचा आवाज निघाला. बारीक, उंच, सुरीनं कापल्यासारखा. शेजारचे गृहस्थ खुर्चीतून अर्धे उठले. सरांचा हात मांडीवरच.

"मोठ्याचा पंखा जोरात आहे," इंजिनियर हळूच म्हणाला आणि लहान कॅमेरा लावला. पुन्हा आवाज. हात मांडीवरच. इंजिनियरनं माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. त्यानं हळूच प्लग काढला. आता हॉलमध्ये काहीच चालू नव्हतं. सुनंदाबाई ओरडल्या. मग त्या दारात आल्या आणि सरांच्या समोर उभ्या राहून, त्यांच्याकडे पाहत, पुन्हा एकदा ओरडल्या. सर डोळे मिटून, मान जराशी कलती करून, शहाण्या मुलासारखे बसून होते. घाम हनुवटीवरून मफलरात जिरत होता.

"अवं, काढ ना आवाज," ते म्हणाले. "मी थांबून आहो."

"काढला," सुनंदाबाई म्हणाल्या.

त्यांनी डोळे उघडले. "कधी?"

परतताना मूल गाव पार होईपर्यंत सर गाडीच्या खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, "मागचा आखा उन्हाळा मी तिथी एकटा बसलो. मले वाटे, आज जंगल चूप हाये." एवढंच. जो आवाज ऐकण्यासाठी हा माणूस जन्मभर कान टवकारून राहिला, तोच त्याच्या कानांतून निघून गेला होता, आणि त्याला पत्ता नव्हता. कानाच्या डॉक्टरनं नंतर सांगितलं, वयानं आधी बारीक उंच आवाज जातात, माणसांचं बोलणं ऐकू येत राहतं, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. कानात घालायचं यंत्र दिलं. सरांनी ते आठवडाभर घालून पाहिलं आणि काढून ठेवलं. "यात मफलरबी वाजते, आन् सुकलेलं पानबी. खरं कोणतं आन् भास कोणता, काई समजत नाई."

मला वाटलं, संपलं आता कॅमेऱ्याचं. सर शेतात जाईनात. वर्गातही बोट वर करेनासे झाले. आता दर तासाला ते दारापाशी उभं राहूनच शिकवत. घरी कसे असतील, याचा अंदाज मला सुनंदाबाईंच्या डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांवरून येई. एका संध्याकाळी मी गेलो तेव्हा बुद्धवंदना नुकतीच झाली होती, मेणबत्ती जळत होती आणि दोघांचं भांडण चालू होतं.

"मी येईन म्हटलं ना. मी आयकीन," त्या म्हणत होत्या. "रोज रातभर दाराकडं पाहून राह्यले तुमी. त्यापरीस तिथी बसू."

सर माझ्याकडे वळले. त्यांचा चेहरा पार उतरलेला होता. "सर, माह्या जिवाचं भेव मले सवयीचं झालं. हिचं भेव मले पेलत नाई."

"आन् मी घरी एकटी बसून तुमचं भेव आजवर पेललं, ते?" सुनंदाबाईंनी विचारलं आणि आत चहा ठेवायला गेल्या.

सरांनी शेवटी लहान कॅमेरा घेतला. इंजिनियरनं फोनवर खूप समजावलं, आता आवाजाचा प्रश्नच राहिला नाही, मोठा घ्या, आमच्या उकाड्यात जास्त थंड होणाराच बरा. सर म्हणाले, "माह्या कानासाठी नाई घेऊन राह्यलो. हिच्या."

मे महिन्याच्या अवसेला आम्ही तिघं शेतात गेलो. माझी बदली झाल्याचं कळलं होतं, जूनमध्ये चंद्रपूरला हजर व्हायचं होतं, म्हणून मी हो म्हटलं. उजेड असतानाच दुर्बीण लावली. दुर्बीण जमिनीवर, कारण शेतातलं बांबूचं मचाण हलतं. आम्ही मचाणावर, लॅपटॉप घेऊन. मचाण फार ठेंगणं होतं. कॅमेऱ्यापासून लॅपटॉपपर्यंतची वायर एका लांबीपलीकडे गेली की फोटो पोचत नाही, म्हणून जेवढी वायर तेवढीच उंची. मी म्हटलं, "सर, वाघाला ही उंची म्हणजे काहीच नाही." सर म्हणाले, "मले मालूम हाये." मला जांभया यायला लागल्या. भ्यालो की मला जांभया येतात.

अंधार पडला. वृश्चिकाची नांगी सागवानाच्या वर आली, मागून धनु. लॅपटॉपवर सरांनी लाल कागद चिकटवला होता, त्याचा उजेड कसाबसा चेहऱ्यांवर येई. खाली कॅमेरा गार होऊ लागला, त्याचा पंखा अगदी हळू, घरातल्या माशीएवढा आवाज. एकेक फोटो यायला लागला. पहिल्याच फोटोत मधोमध फिका गुलाबी डाग होता आणि भोवती एकही खोटा ठिपका नाही. मी सरांचा खांदा दाबला. त्यांनी स्क्रीनकडे ओझरतं पाहिलं आणि मान पुन्हा वळवली. ते सुनंदाबाईंच्या चेहऱ्याकडे पाहत होते. आकाशाकडे नाही, जंगलाकडे नाही. आल्यापासून तिकडेच. त्यांचं जंगल आता तिथं होतं.

बराच वेळ काही झालं नाही. मग नाल्याच्या अंगाला चितळ ओरडलं. सुनंदाबाईंचे डोळे हलले, आणि त्यांची मान वळायच्या आत सरांचा हात बॅटरीच्या वायरीवर गेला होता. कॅमेरा असा एकदम बंद करायचा नसतो, हळूहळू गरम करावा लागतो, हे त्यांनीच मला शंभरदा बजावलं होतं. त्यांनी वायर उपटली. पंखा थांबला, आणि त्या एवढ्याशा आवाजाखाली किती जंगल दडलेलं होतं ते कळलं. चितळ पुन्हा ओरडलं, जवळ. मग सगळंच बंद.

मग पाला वाजला. सागाचा सुका पाला. एकदा वाजला, थांबला. पुन्हा वाजला. जड पाऊल होतं ते. खाली दुर्बिणीच्या तिकाटण्याला काहीतरी लागलं, धातू वाजला. मग पाला आमच्या बरोबर खाली आला आणि थांबला. मला श्वास ऐकू आला. माझा नव्हता.

सरांना यातलं काहीच ऐकू येत नव्हतं. ते फक्त सुनंदाबाईंचे डोळे पाहत होते. ते डावीकडे सरकले की यांचे डावीकडे. ते खाली स्थिरावले आणि सर कापायला लागले. असे कापायला लागले की मचाणाचा बांबू कर्र कर्र करू लागला. थांबवू म्हणून थांबेना. खाली पाला जरासा हलला. सुनंदाबाईंनी त्यांचं मनगट धरलं, दुसरा हात त्यांच्या पाठीवर ठेवला, बांबू वाजतच होता.

त्यांनी तोंड सरांच्या कानाशी नेलं. "गेला," म्हणाल्या. "नाल्याकडं गेला."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. हो, गेला.

त्यांचा श्वास सुटला. अंगाचा कंप ओसरत गेला आणि बांबू गप्प झाला. ते उठायला लागले तर सुनंदाबाईंनी सदरा धरून खाली बसवलं, सकाळ होऊ द्या म्हणून खूण केली. ते शहाण्यासारखे बसले, मागे रेलले आणि त्या रात्री पहिल्यांदा त्यांनी वर पाहिलं. तोंड जरासं उघडं. सरांना मी इतकी वर्षं ओळखत होतो, पण भीती नसलेला त्यांचा चेहरा मी तेव्हाच पाहिला. तो तरुण दिसत होता. सुनंदाबाईंचा हात त्यांच्या पाठीवर होता आणि त्या माझ्यासारख्याच, पापणी न लववता, खाली पाहत होत्या.

खाली पाला पुन्हा वाजला.